आई कशी उठते

आधी नाव घ्यायचं ते हानामुरा कान्तोकुंचं. कान्तोकु म्हणजे दिग्दर्शक. तोक्योतल्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत त्यांना सगळे तसंच म्हणतात. नववीत शाळा सोडलेल्या, केडगावात टेम्पोमागं मोर रंगवणाऱ्या आणि मग पुण्यात दहा वर्षं जपानी सिनेमांची चित्रं काढणाऱ्या मला त्यांनी इथं आणलं.

आमच्या गावाहून, कोल्हारहून निघालो तेव्हा आई ओट्यावरून उठून रस्त्यापर्यंत आली. मी जीपमध्ये बॅगा चढवत होतो. "पोचला की फोन कर रं," एवढं ऐकलं. वळून बघितलं नाही.

कान्तोकुही शेतकऱ्याघरचे, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले. बारा वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या दोन चित्रांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रं काढली, मग स्वतःचे सात सिनेमे केले. आता चालू होता तो आठवा, शेवटचा. त्यात एक म्हातारी जमिनीवरून उठते. ते दृश्य त्यांनी मला दिलं. "तुझी आई खालीच बसते ना? कशी उठते?"

मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, तुम्ही दोघंही हसाल. मला आठवेचना.

ताईला व्हिडिओ मागितला. आईनं आधी ठेवणीतली साडी काढली. "जपानात दिसायचं न् ह्या विटक्या लुगड्यात व्हय?"

"आई, उठायचंय फक्त. वरमाय न्हाई तू!" ताई चिडली.

आई झटक्यात उठली, हसली. मी तसंच काढलं.

कान्तोकुंनी कागद फडफडवून पाहिले, मग मोबाईल मागितला. "ही कॅमेऱ्यासाठी उठलीय. डावा हात बघ." पदराआडून आईनं भिंतीचा कोपरा घट्ट धरला होता.

ताईला खोदून विचारलं. "वर्ष झालं, गुडघं गेल्यात तिचं. सांगू नको म्हनली. तू काम सोडून येशील म्हनून."

"जा," कान्तोकु म्हणाले. "पहिल्या सिनेमापायी मी थांबलो. आई गेली."

मी म्हणालो, दृश्य संपवून जातो. खरं सांगतो, जागा जाईल ही भीती होती. तीन महिने लागले.

गेलो तर आई खाटेवर. "बस. आता काय मी उठत न्हाई तुज्यासाठी," म्हणाली, आणि हसली.

सिनेमातली म्हातारी भिंत धरून उठते. लोक तेच दृश्य वाखाणतात. मला मात्र घर म्हटलं की तो कोपरा दिसतो. आईच्या हातानं तिथला चुना काळा पडलाय.

कान्तोकु आता घरी असतात. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा एकच फोटो आहे, त्यात ती बसलेली. कान्तोकु, ती कशी उठायची तेवढं मला सांगा. एक दिवस मी कागदावर तिला उठवीन.