मांजरपाटाची सुई

यमुआत्या गेल्याचा निरोप खोडाळ्याच्या गाडीवानाने आणला, त्याला पाच आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या मायाळूपणाबद्दल बोलतात... मी ऐकून घेते. आत्या मायाळू नव्हती. झालेला अपमान ती विसरत नसे, आणि मीही विसरत नाही.

अठराव्या वर्षी विधवा होऊन ती जव्हारला आमच्याकडे आली आणि पेठेतल्या शिंपी मास्तरांच्या हाताखाली शिवण शिकली. वर्षभरात बायका तिच्या हातची चोळी मागू लागल्या. मला सांगायची, "मलमलीला बारीक सुई, मांजरपाटाला जाड. बारीक सुई मांजरपाटात मोडते, ती बदलता येते. पण जाड सुईनं रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही, बाई."

एका मानकऱ्याच्या घरून लग्नाची रेशमी चोळी शिवायला आली. मानाचं काम म्हणून मास्तर स्वतः मशीनवर बसले. सकाळपासून ते मांजरपाटाच्या बंड्या शिवत होते. सुई बदललीच नाही. शिवणभर भोकं पडली. त्या घरच्या बायका चिडून आल्या तेव्हा मास्तरांनी आत्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. "ही बसली होती मशीनवर. असल्या हातात रेशीम द्यायलाच नको होतं!"

"सुई..." एवढंच आत्या म्हणाली.

"वर तोंड करून बोलतेस?"

त्यानंतर पेठेत तिला कुणी साधी कुंचीसुद्धा शिवायला दिली नाही. शेवटी वडील आम्हां सगळ्यांना घेऊन मोखाड्याला आले. तिथे आत्याने पाटल्या मोडून हातमशीन घेतली आणि ती आठवड्याच्या बाजारात बसू लागली.

बऱ्याच वर्षांनी, भर बाजारात, मी तिच्याशेजारी बसले असताना मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. नजर अधू झालेली, काखेत रेशमाचा खण. "यमुना, पोरीचं लग्न आहे. तुझ्यासारखं रेशीम या मुलखात कुणी शिवत नाही."

आत्याने मशीन थांबवली. "मास्तर, रेशमाला कोणती सुई?"

"बारीक."

"त्या दिवशी कोणती होती?"

आजूबाजूची घासाघीस थांबली. मास्तर मान खाली घालून पुटपुटले, "जाड... बदलायची राहिली. मीच शिवत होतो."

"मोठ्यानं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. शेजारी नागली विकणारी बाई म्हणाली, "बाय, आयकला आमी समद्यांनी."

आता आत्या खण घेईल असं मला वाटलं. तिने मास्तरांच्या काखेतून घसरणारं त्याचं टोक नीट आत खोचलं. "आता दुसरीकडे शिवून घ्या," म्हणाली आणि मशीनचा दांडा फिरवू लागली.

वडील घरी येऊन संतापले. "त्या पोरीचा काय दोष होता?"

"माझा काय होता?" आत्याने विचारलं.

वडील तणतणत बाहेर निघून गेले. मला मात्र त्या दिवशी इतका आनंद झाला होता, की आजही त्याची लाज वाटत नाही.

तिची मशीन आता माझ्याकडे आहे. सुई बसवण्याआधी आत्या तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून ओढून बघायची. ओरखडा उठला की सुई बाद. मीही तसंच करते. घरातले म्हणतात, दगडावर जरा घासलीस तर चालेल की अजून...

मी घासत नाही. फेकून देते.