मार्तंडरावांची उडी

सीपरी बाजारातल्या मार्तंडरावांच्या घरी, पुढच्या दोन खोल्यांत, त्यांच्या आठवणींचं छोटंसं संग्रहालय उघडायचं होतं, आणि एका पुतळ्यानं भानुमतीबाईंचं डोकं उठवलं होतं.

मार्तंडराव म्हणजे रेल्वेतले कारकून. पण गणेशोत्सवात नऊवारी नेसून नाचताना त्यांनी मंचावर उडी घेतली, की बरुआसागरहून बस भरून आलेली माणसं शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घ्यायची. पुढे तर बुंदेलखंडभर नाव झालं. ते लुगडं त्यांना नेसवायच्या शेजारच्या भानुमतीबाई. एवढा नावाजलेला गडी, पण स्वतःला निऱ्या घालता येतील तर शपथ! डोळे मिटण्याआधी त्यांनी एकच मागितलं होतं, "वहिनी, पुतळ्यालाही माझं लुगडं तुम्हीच नेसवायचं. आणि काष्टा घट्ट."

मार्तंडरावांच्या मुलीनं, रेवतीनं, मानिक चौकातून पुतळा आणला, तो साडीच्या दुकानातला, पाचवारीवाला. दोन पायांमधून लोखंडी दांडा वर गेलेला. बाई काष्टा मागे घ्यायच्या, तो दांड्याला अडून तिरपा व्हायचा. नेसवा, सोडा, पुन्हा नेसवा. सकाळ त्यातच गेली. रेवतीला मराठी समजायचं, पण बोलताना गाडी हिंदीवर घसरायची. गोलच नेसवून टाका, कुणाला काय कळतंय, असं ती हिंदीत म्हणाली. बाई भडकल्या. गोल नेसवलं तर ती कुणीतरी परकी बाई होईल, मार्तंडराव नव्हेत. उद्या उद्घाटन, आणि दिलेला शब्द एका मेल्या दांड्यापायी जायचा? त्यांना रडूच फुटलं.

मग डोळे पुसून त्यांनी दांडाच उपटला. पुतळा आडवा झाला, तर आडव्यालाच लुगडं नेसवलं आणि काष्टा घट्ट खोचला. आता हा उभा कसा राहणार, रेवतीनं विचारलं.

"उभा राहायचाच नाही," बाई म्हणाल्या. "पंख्याच्या हुकाला टांग."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. पुतळा जमिनीपासून हातभर वर. बरुआसागरचे एक म्हातारबाबा आत आले, बघतच राहिले, आणि तोंडात दोन बोटं घालून त्यांनी अशी शिट्टी मारली की बाहेरचा ऑटोवाला आत डोकावला.

भानुमतीबाई सवयीनं पुतळ्यामागेच उभ्या होत्या. रेवतीनं हात धरून त्यांना पुढे आणलं. इतकी वर्षं त्या पडद्यामागे असायच्या; उडी दिसायची ती पाठमोरीच. आज पहिल्यांदा समोरून पाहिली.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "देखणाच दिसायचा की मेला!"

आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या.