लाथेनंतरचा नमस्कार

घाबरण्यासारखं जगात जे जे काही आहे, त्या सगळ्याला आमचे दाजी घाबरून झाले होते. हे मी फुगवून सांगत नाही. फुगवून सांगणं माझ्या स्वभावात नाही, विजेचं बिलसुद्धा मी दोनदा तपासून भरतो. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला ‘पावणं’ म्हणतात. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर एका औषधांच्या दुकानात ते काउंटरला उभे असत. कुत्र्याला घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. दाजी नुसत्या पडलेल्या साखळीलाही घाबरत, कारण साखळी इथे आहे म्हणजे कुत्रं सुटलेलं असणार. दिव्याचं बटण ते रबरी चप्पल घालून लाकडी पट्टीने दाबत. एस.टी.त मागच्या बाकावर बसत नसत, कारण मागून ट्रक धडकतो. पुढच्या बाकावर बसत नसत, कारण समोरून धडकतो. आणि मधल्या बाकावर बसले की वेळ आलीच तर कुठली खिडकी फोडायची, याचा विचार कराड येईपर्यंत करत. त्यात औषधांच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचायची सवय. एकदा मला साधी सर्दी झाली होती, तर त्यांनी गोळी दिली आणि त्या गोळीने काय काय होऊ शकतं ते इतकं सविस्तर सांगितलं, की मी गोळी खिशात घालून तसाच सांगलीला परत आलो. सर्दीच बरी वाटली.

अशा माणसाने एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला, चाळिशी उलटल्यावर, कराटेच्या क्लासला नाव घातलं. वजन ब्याऐंशी किलो, तेही दुकानातल्या काट्यावर चपला काढून. उंची काउंटरच्या वर छाती येईल इतपत. जिना चढले की वरच्या पायरीवर उभं राहून आधी स्वतःची नाडी बघायचे, मग बेल वाजवायचे. त्या काळात गावोगाव कराटेचे क्लास निघाले होते, पण त्यात शाळेची पोरं जात. मिरजेतल्या एका शाळेच्या मैदानावर कडेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार क्लास घेत. मिशा पांढऱ्या, आवाज पलटणीतला. त्यांच्याकडे दाजींनी नाव घातल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, औषधांचा काहीतरी उलटा परिणाम झाला असावा.

कारण निघालं त्यांची मुलगी, चिमी. ती तेव्हा सातवीत. दाजींचं नाक आणि दाजींची भीती, दोन्ही तिने जसंच्या तसं उचललं होतं. शाळेतून ती सायकल ढकलतच घरी यायची आणि पंक्चर झाली म्हणून सांगायची. शेवटी सायकलच्या दुकानदारानेच दाजींना सांगितलं, “पंक्चर कुठलं आवं, कोनतरी रोज हवा सोडतंय पोरीच्या सायकलची.” दाजींनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “असू दे की आण्णा. चालत येते मी.” त्या रविवारी मी मिरजेला गेलो तेव्हा दाजींचा चहा कपातच निवला होता.

“पावणं, ही माझ्यावर गेली,” ते म्हणाले. “मीबी असंच म्हणलो असतो. असू दे, चालत जातो. माझं निभलं ओ. दुकानाच्या काउंटरमागं निभून जातं मानसाचं. पोरीला कुठला आलाय काउंटर?”

शाळेतल्या बाईंनी तिला कराटेला घालायला सुचवलं होतं. चिमी आधी नाहीच म्हणाली, मग रडली, आणि मग तिने अशी अट घातली की तिला वाटलं प्रश्नच मिटला: आण्णा येणार असतील तर जाईन. दाजी रात्रभर कूस बदलत राहिले, असं अक्का, म्हणजे दाजींची बायको, सांगतात, आणि सकाळी उठून म्हणाले, “शिंप्याकडं जाऊन येतो.”

त्यांच्या मापाचा तयार गणवेश कुठे मिळेना, म्हणून लेंग्याच्या कापडाचा शिवून घेतला. त्याला आतून मोठा खिसा. खिशात मलमाची ट्यूब, क्रेप बँडेज आणि ग्लुकोजची पुडी. पहिल्या सकाळी नखशिखांत पांढऱ्या कपड्यात बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं, “दाजी, सकाळसकाळी कुणाच्या मातीला?” दाजी म्हणाले, “अजून नक्की न्हाई.”

क्लासमध्ये पोरं उंचीप्रमाणे उभी करत, पण दाजींना सरांनी शेवटच्या रांगेत ठेवलं, म्हणजे पडले तर कुणाच्या अंगावर नकोत. चिमी त्यांच्या शेजारी, त्यांच्या गणवेशाच्या जाकिटाचं टोक हातात धरून. पहिल्याच दिवशी सरांनी बैठका काढायला लावल्या. दाजी एकदा खाली गेले आणि खालीच राहिले. दोन पोरांनी काखेत हात घालून वर घेतलं. मग पोटातून आरोळी ठोकायची होती. सगळ्या पोरांच्या आरोळ्यांनी शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि सगळं शांत झाल्यावर दाजींचा आवाज आला, दार वाजल्यावर आतून “कोन हाय?” विचारावं तसा. सर म्हणाले, “काका, समोर दुश्मन हाय, दूधवाला न्हाई!” दाजींनी हे मनावर घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना ते कपाटामागे जाऊन आरोळीचा सराव करू लागले, आणि एकदा चिठ्ठी घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ औषध न घेताच निघून गेले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, दुकानातल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं, पण तो खोटं बोलणारा नाही.

हे सगळं चाललं असतं. खरी पंचाईत लाथेपाशी झाली.

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला, तर आपण लगेच वाकून त्याला हात लावतो आणि तो हात छातीला लावतो. विचार करून नाही करत, हात आपोआप जातो. दाजींच्या बाबतीत हे इतकं मुरलेलं होतं की वर्तमानपत्राला पाय लागला तरी ते नमस्कार करत, आणि एकदा माझ्या बॅगेलाही केला होता. आता कराटेत एकमेकांसमोर उभं राहून समोरच्याच्या पोटापर्यंत लाथ न्यायची, जरा टेकवायची. दाजी लाथ मारायचे, म्हणजे त्यांची ती गुडघ्याच्या आसपास पोचायची, आणि तिथल्या तिथे वाकून समोरच्या पोराला हात लावून छातीला लावायचे. वर “लागलं का रं बाळा?” तेवढ्यात त्या पोराची लाथ यायची ती नेमकी यांच्या टाळूवर. तर ते पोरही आपल्याच गावचं. एवढ्या थोर माणसाच्या डोक्याला पाय लागला म्हणून तेही घाबरून यांच्या पाया पडायचं. दोघं एकमेकांना नमस्कार करत उभे. आठवड्याभरात ही साथ पसरली. मी एका रविवारी बघायला गेलो होतो, तर सगळं मैदान लाथा मारत होतं आणि वाकत होतं. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरतात, तसं दिसत होतं.

सर डोक्याला हात लावून म्हणाले, “आवं काका, मी अख्खी नोकरी सरहद्दीवर काढली. दुश्मनाच्या पाया पडनारा जवान न्हाई बघितला.”

“सर, हात जातोय ओ. मी न्हाई करत.”

“मग साठवून ठेवा की! क्लास सुटल्यावर काय पाया पडायचं ते पडा.”

सर रागाने बोलले होते. दाजींनी ती सवलतच मानली. तेव्हापासून क्लास सुटला की दाजी घाम पुसत एकेका पोराला शोधून काढायचे. “तुला दोनदा लागला होता ना रं? थांब.” पोरं हसत पळायची, दाजी धापा टाकत त्यांच्या मागे. सरांनी जन्मात कुणाला पळवलं नसेल इतकं या नमस्कारांनी दाजींना पळवलं. आणि हे बघताना चिमी पहिल्यांदा मोठ्याने हसली. दाजींनीच मला सांगितलं. “आवाज हाय ओ तिला पावणं,” म्हणाले, “लय मोठा आवाज हाय.”

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा साताऱ्याला होती. आदल्या रविवारी सरांनी बजावलं, “काका, तिथं पुण्याचं परीक्षक हायत, मी न्हाई. मदीच वाकलासा तर नापास. साठवून ठेवा म्हनून त्यांना सांगता यायचं न्हाई.” दाजी नापास व्हायला तयार होते, नापास होण्याची त्यांना भीती नव्हती, बहुधा तेवढी एकच नव्हती. पण घरी चिमीने सांगून टाकलं, “आण्णा मागं राहिले तर मी एकटी पुढच्या वर्गात जाणार नाही. बंद करूया मग.” एवढं बोलून ती सायकल पुसायला गेली. म्हणजे आता तिचं पुढे जाणं यांच्या हाताला आवर घालण्यावर येऊन ठेपलं.

साताऱ्याला मी बरोबर गेलो. अक्कांनीच पाठवलं, यांना भोवळ आली तर कुणीतरी हवं म्हणून. एस.टी.त दाजी मधल्या बाकावर, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. खिडकीकडे त्या दिवशी त्यांनी पाहिलंही नाही. परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. चिमीची आधी झाली. नीट झाली, पण आरोळी मात्र ओठांतल्या ओठांत. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि तिला भिंतीकडच्या रांगेत बसवलं. मग दाजींची पाळी आली, आणि त्यांच्या अंगाचा जोडीदारच मिळेना. सगळी पोरं त्यांच्या खांद्याला. परीक्षक म्हणाले, “हवालदारसाहेब, तुम्हीच उभे राहा.”

दाजींचा चेहरा मी बघितला. पोराला पाय लावणं एक, आणि गुरूला पाय लावणं वेगळं. सर कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले. “मारा काका.” दाजी हलेनात. “मारा की!” दाजींनी पाय उचलला, खाली ठेवला. कपाळावरून घाम नाकावर, नाकावरून जमिनीवर. त्यांनी हात जोडले आणि परीक्षकांकडे वळून म्हणाले, “सायेब, मला नापास करा. पन यांना पाय लावायला सांगू नका.” परीक्षकांनी पेन उचललं.

आणि भिंतीकडून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुणाचा. अख्ख्या कार्यालयात घुमला, मागे पाणी पिणारी माणसं वळून बघू लागली.

“आण्णा, मारा! नमस्कार मी करते!”

दाजींनी मारली. इतकी वर त्यांची लाथ आयुष्यात गेली नव्हती. सरांच्या पोटावर फाटकन वाजली. लाथ परत आली, दाजींचे दोन्ही हात मुठी आवळून जागच्या जागीच राहिले, खाली गेले नाहीत. आणि चिमी रांगेतून उठून, सगळ्यांच्या देखत चालत आली, वाकून सरांच्या पायाला हात लावला, छातीला लावला आणि परत जाऊन बसली.

“हे काय?” परीक्षकांनी विचारलं.

“त्यांची पोरगी हाय सायेब,” सर पोट चोळत म्हणाले. “नमस्काराचं खातं आता तिच्याकडं.”

दोघंही पास झाले. चिमीच्या आरोळीपुढे परीक्षकांनी आधीचं खोडून नवीन काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण खोडलेलं दिसलं. दाजींचा पिवळा पट्टा पोटावर पुरेना. गाठ कशीबशी बसली आणि टोकं उंदराच्या कानांसारखी उभी राहिली. परतीच्या एस.टी.त ते पहिल्यांदा खिडकीशी बसले आणि कराडच्या आधीच घोरू लागले.

पुढे सायकलचं काय झालं, ते सांगायला हवं. एका संध्याकाळी पुन्हा हवा सोडलेली निघाली. चिमी निघून गेली नाही. तिने पंप आणला, तिथेच घुटमळणाऱ्या पोराच्या पुढे धरला आणि म्हणाली, “भर.” पोराने मुकाट्याने भरली. लाथ मारायची वेळच आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती घरातून निघताना म्हणाली, “आण्णा, तुमचा गुडघा दुखतोय ना? आजपासून नाही आलात तरी चालेल.” ज्या वाक्यासाठी या माणसाने इतक्या लाथा खाल्ल्या होत्या, ते हे वाक्य. दाजी “बरं” म्हणाले. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून मलम, बँडेज आणि ग्लुकोज काढून तिच्या दप्तरात घातलं, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभे राहिले. जाकिटाचं जे टोक ती धरायची, तिथलं कापड विरलं होतं.

चिमी शिकत गेली, काळा पट्टा झाला, आणि दशक संपता संपता शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला अमरावतीला गेली, ती पुढे तिकडेच मुलींना शिकवायला राहिली. ती गेली त्या दिवशी स्टेशनावर दाजींनी डब्यातली संकटकाळची खिडकी कुठली ते तिला दाखवून ठेवलं.

परवा सकाळी मी मिरजेत होतो. मागच्या अंगणात काही तरी वाजलं म्हणून पाहिलं, तर दाजी बनियनवर, कमरेला तोच पिवळा पट्टा, चिकूच्या झाडाला लाथ मारत होते. लाथ कसली, पाय टेकवत होते. मग वाकून, गुडघा धरत, त्यांनी बुंध्याला हात लावून छातीला लावला. एवढं मला समजलं. पण ते थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा वाकून दुसऱ्यांदा नमस्कार केला. मला हिशेब चुकलेला चालत नाही.

“दाजी, लाथ एकच मारली. नमस्कार दोन?”

“दुसरा तिच्या वाटणीचा,” ते म्हणाले, आणि हात छातीवरच ठेवून झाडाला टेकले. “तिला आता तिकडं वाकायला सवड नसंल, पावणं.”