गुलाबी पाण्याची चूळ

माझं लग्न मोडलं ते चूळ भरायच्या औषधानं. लोकांची लग्नं पत्रिकेवरून मोडतात, मंगळावरून मोडतात. माझं हे असं.

आई मी लहान असतानाच गेली. उरणच्या मिठागरावर मला काकीनं वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवू घातलं, आणि घास घास बोलून दाखवला. माझ्या हिरड्या सुजायच्या, तोंडाला वास यायचा. काकी चारचौघांत पदर नाकाला लावायची, आणि तिचं बघून तिची मुलगीही. अशात पेणकडचे लोक मला बघायला येणार असं ठरलं. घर खाऊनपिऊन सुखी, सासू शांत म्हणे. काकीच्या हाताखालून सुटायची मला तेवढीच एक वाट होती, आणि ती या मेल्या वासापाशी अडली होती.

बाबांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जांभळ्या खड्यांची पुडी दिली आणि बजावलं, "पेलाभर कोमट पाण्यात खडा-दोन खडे. पाणी गुलाबी दिसलं की बस. जेवणानंतर चूळ भरायची, खळखळवायची, थुंकून टाकायची. गिळायची नाही. कडक केलंस तर तोंड भाजेल."

तसं करू लागले. हिरड्यांचं रक्त थांबलं, वास कमी झाला. तोंडापुढे हात न धरता मी उगीचच बोलत सुटले.

काकीला मात्र ते फिकं पाणी बघवेना. तिचा जन्म मिठागरात गेलेला. तिथं खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवतात. पाणी जितकं कडक, तितकं मीठ पक्कं. "हे काय औषध हाय? सरबत हाय," म्हणाली. पाहुणे यायच्या सकाळी तिनं अख्खी पुडी तांब्यात ओतली, पाणी शाईसारखं केलं, माझी मान धरली आणि चूळ भरायला लावली. मी थुंकायला वाकले तर तोंडावर हात दाबला. "मुरू दे. मुरल्याबिगर गुण येत न्हाय."

मुरलं. जिभेची साल निघाली, ओठ सुजले, दात तपकिरी झाले.

पाहुण्यांतल्या बाईनं नाव विचारलं. मी तोंड उघडलं तशी ती मागे सरकली. "एवढ्याशा वयात मिशरी?" म्हणाली. काकीनं औषधाचं अवाक्षर काढलं नाही. आत गेली आणि आपल्या मुलीला नवं लुगडं नेसवून चहा घेऊन पाठवलं. त्याच बैठकीत सुपारी फुटली. बाबा मान खाली घालून तीच सुपारी चघळत बसले.

दातांचा रंग पुढे गेला. 'मिशरीवाली' हे नाव गेलं नाही. दुसरं स्थळ आलंच नाही.

काही वर्षांनी काकीचंच तोंड सडलं, आणि तेही खऱ्याखुऱ्या मिशरीनं. तिची मुलगी पेणहून आली, नाकाला पदर लावून बसली आणि निघून गेली. औषध मीच करायची. "कडक कर गं," काकी विनवायची. हात शिवशिवायचा माझा, खोटं कशाला सांगू. तरी पाणी गुलाबीच ठेवलं, प्रत्येक चूळ थुंकवून घेतली. तिला गुण आला, घाण गेली.

शेजारी नवीनच राहायला आलेली एक बाई समाचाराला आली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "हिचं लग्न कसं राहिलं हो?"

काकी त्या बऱ्या झालेल्या तोंडानं म्हणाली, "कोण करील? पहिल्यापासून तोंडाला वास हाय तिच्या."