कारण घरी

गेजकाका गाडी मोजायला बसले की माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर साहेब असो, शेजारी असो, नाहीतर जिवलग मित्र. टेबलावर गाडी ठेवणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी 'अण्णा' किंवा 'अक्का'. नाव घेतलं की हात हलतो, असं ते म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी टेबलापाशी मीसुद्धा अक्का. संध्याकाळी चहाला घरी गेले की मग, "काय गं नागपूरकर, आज कुणाशी भांडलीस?"

नव्वदीच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी बंगळुरूला आले, ती आमच्या सरकारी कारखान्याच्या कॉलनीत. तिथल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी स्लॉट कारच्या शर्यती चालत. लांबलचक लाकडी ट्रॅक, त्यात खाचा, खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या, त्यांतून वीज. तळहाताएवढी गाडी खाचेत अडकवायची आणि हातातला खटका दाबायचा. जरा जास्त दाबला की गाडी वळणावर उडून कुणाच्या तरी चहात! चांगले चष्मेवाले, टक्कल पडलेले इंजिनिअर त्यावरून हमरीतुमरीवर येत. म्हणून काकांनी नियमांची वही केली.

वहीत डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर त्याचं कारण. 'गाडीला चुंबक लावू नये.' कारण: 'सगळ्यांचे मेहुणे अमेरिकेत नाहीत.' तिकडून आणलेल्या चुंबकाने गाडी ट्रॅकला चिकटून धावते, म्हणून हे. 'मोटर क्लबच्या डब्यातून डोळे मिटून उचलावी.' कारण: 'नशिबाशी भांडता येत नाही, शेजाऱ्याशी येतं.' नियमाला कारण हवंच, नाहीतर तो हुकूम होतो, असं त्यांचं मत.

पण आमची कारणं मात्र त्यांना चालत नसत. गाडी हातातून पडली, कालपर्यंत बरोबर होती, टायर आजच झिजले... काका मान वर न करता म्हणायचे, "कारण घरी ठेवा अण्णा, इथं फक्त माप."

सगळ्यात कडक नियम होता गाडीच्या पोटाचा. पोट ट्रॅकपासून एक मिलिमीटर वर हवं. गाडी जितकी खाली, तितकी वळणावर घट्ट बसते, म्हणून जो तो ती खाली दाबायला टपलेला. काकांनी स्वतः कानशीने घासून बरोबर एक मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी केली होती. हेच ते गेज. पट्टी गाडीखालून सरकली तर पास. अडली की, "स्वल्प कमी आहे, अण्णा." संपलं. पुढं ब्रह्मदेव आला तरी गाडी बाहेर.

ही पट्टी फडक्यात गुंडाळून त्यांच्या देवघराच्या फळीवर असे. दर शुक्रवारी काकू चिंच आणि विटेची पूड घेऊन देवाची भांडी घासायला बसत आणि समई, ताम्हण यांच्याबरोबर पट्टीही चोळून लख्ख करत. मी तिथंच चिवडा खात बसलेली. एकदा म्हटलं, "काकू, हिला कशाला?" तर म्हणाल्या, "अगं, एवढ्या लोकांसमोर जाते ती. काळी कशी जाईल?" मी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते. इंजिनिअर म्हणवणारी मी, डोळ्यांसमोर पितळ घासलं जात होतं आणि चिवडा खात होते!

त्या वर्षी वार्षिक ढाल मी जिंकले. दुसरे आले मूर्ती. ट्रॅकवरच्या तांब्याच्या पट्ट्या त्यांनीच चिकटवलेल्या. काकांचे वीस वर्षांचे सोबती, एकाच स्कूटरवरून कारखान्यात जाणारे. ते म्हणाले, "हिच्या गाडीचं पोट खाली आहे. तांब्याला घासल्याचा आवाज मी ऐकलाय." मी गाडी नेहमी काकांच्या घरी, त्याच पट्टीवर बेतत असे. मूर्ती स्वतःच्या मायक्रोमीटरने पक्का एक मिलिमीटर ठेवत. काकांनी पट्टी सरकवली. आरपार गेली. मूर्ती काहीतरी समजावू लागले, तर काका म्हणाले, "कारण घरी ठेवा, अण्णा."

मूर्तींनी गाड्या डब्यात भरल्या आणि ते गेले, ते परत आलेच नाहीत. पुढं निवृत्त होऊन जयनगरला राहायला गेले. काका मागची सीट रिकामी ठेवून स्कूटर चालवत राहिले.

मग काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. मूर्ती अंत्यविधीला आले, लांब उभे राहिले आणि तिथूनच परत गेले.

काही महिन्यांनी क्लबसाठी दुसरी पट्टी करायची म्हणून काकांनी जुनी पट्टी कारखान्यात मायक्रोमीटरखाली धरली. दुपारी माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पांढरा पडलेला. पट्टी समोर ठेवून म्हणाले, "स्वल्प कमी आहे, अक्का."

केसाएवढीच कमी होती. पण माझी गाडी नेमकी त्या केसावर जिंकली होती. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच शुक्रवार आला असणार.

रविवारी काकांच्या मागे स्कूटरवर बसून, ढाल मांडीवर धरून मी जयनगरला गेले. काकांनी पट्टी मूर्तींच्या हातात दिली, माप सांगितलं. "तुझं बरोबर होतं. माझं माप चुकलं."

मूर्तींनी पट्टी बोटांनी चाचपली. "अरे, पण ही झिजली कशानं?"

मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझा हात दाबला. "कारण घरी आहे, मूर्ती. मी माप तेवढं आणलंय."

मूर्ती काळपटलेल्या पट्टीकडे बघत राहिले. "पूर्वी किती चकचकीत..." म्हणाले आणि एकदम थांबले. त्या घरी ते कितीदा तरी जेवले होते. नुसतं "परवागिल्ला" म्हणाले, असू दे अशा अर्थी, आणि पट्टी दोन्ही हातांनी परत दिली. ढाल त्यांनी घेतली. तेच बरोबर होतं.

बाहेर आल्यावर काकांना स्कूटर सुरू करता येईना. रडत होते. "तिला बोल लागला असता गं," म्हणाले. "ती माझी लाज राखायला घासत होती."

मोजायचं काम त्यांनी मूर्तींकडे सोपवलं. मूर्ती पुन्हा येऊ लागले, तीनच वर्षं दोघं शेजारी बसले. मग काकाही गेले. मला अजून त्यांची उणीव भासते. चहाच्या वेळी कुणी 'नागपूरकर' म्हणत नाही.

वही माझ्याकडे आली. त्यात काकांच्या हातचा शेवटचा नियम आहे: 'मापाची पट्टी कुणीही घासू नये.' उजवं पान कोरं आहे. नवी मंडळी विचारतात, अहो, याला कारण का नाही लिहिलं?

मी सांगते, आहे. घरी आहे.