अध्यक्षांचा फळा

हौसराव साधं बोलायला लागले की त्यांच्या बायकोला, तुळजाबाईला, वाटायचं, यांना ताप भरलाय. एरवी ते बोलत नसत, विचार मांडत. चहात साखर कमी पडली तरी आधी घसा खाकरायचा, जाकिटाच्या खिशात अंगठा घालायचा आणि मग, "म्हंजी असं हाय, गोडवा हा मुळात माणसाच्या अंतरंगात असावा लागतो." तुळजाबाई साखरेचा डबा पुढं सरकवून मोकळी.

असा माणूस न्हावऱ्याच्या पाणी कमिटीचा अध्यक्ष झाला, कारण हाराखाली मान द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. काम एवढंच: कालव्यावरचा पाटकरी पाण्याच्या पाळीचा वार सांगून जाईल, तो चावडीच्या फळ्यावर लिहायचा. आधीचे अध्यक्ष लिहीत, 'बुधवारी पाणी. दारं धरा.' हौसराव ते वाचून नाक मुरडत. "ह्याला काय लिव्हणं म्हणत्यात? पुढाऱ्यानं दिशा दावावी. वार काय, क्यालेंडर बी दावतं."

माघात, कांदा पोसायच्या ऐन दिवसांत, पाटकरी मच्छिंद्र सायकलवरूनच वार सांगून खालच्या टोकाला निघून गेला. हौसरावांनी मान डोलावली, पण मन फळ्याच्या पहिल्या ओळीत गुंतलेलं. खडू झिजवून त्यांनी फळा भरला:

'जीवनाचा प्रवाह कुणासाठी थांबत नाही. जो जागा, त्याच्याच शेतात गंगा. सुज्ञांनी सज्ज राहावे.'

"आबा, समदं खरं हाय," शेजारच्या बांधाचा भिमाजी म्हणाला. "पर पाणी कवा?"

"तू उत्तर मागतूस, भिमाजी. मी तुला प्रश्न देतोय."

"प्रश्न हाय की माझ्याकडं. वाफं भेगाळल्यात."

लोक हसले. हौसरावांनी ती दाद समजून मान लववली.

घरी तुळजाबाईनं तेच विचारलं. कांदा तिनं लावलेला, कंबर मोडून. पाळी चुकली तर पुढची महिन्यानं, तवर पातीची वात व्हायची. "कवा येतंय पाणी?"

हौसरावांनी अंगठा खिशात घातला. घसा खाकरला. आणि डोक्यात हुडकतात तर वार नाहीच. गंगा होती, प्रवाह होता, वार तेवढा कुठं सांडला कुणास ठाऊक. मच्छिंद्राला गाठून विचारावं, तर अध्यक्षानं पाटकऱ्याला विचारायचं?

"यील," ते म्हणाले. "पाण्याला वाट ठावी असती."

ती होतीच. पाणी आलं, दारं धरून वाफ्यात वळवायला कुणी नाही असं बघून सरळ खालच्या गावाला गेलं. भिमाजी फावडं घेऊन धावला तेव्हा चारीत नुसता चिखल होता.

तुळजाबाईनं वाळून बसलेला निम्मा कांदा बघितला, पदर खोचला आणि कालव्यावर जाऊन मच्छिंद्राकडून पुढचा वार घेऊन आली.

त्या पाळीच्या आधी फळा पुन्हा भरला, 'अपयश हाच खरा गुरू' वगैरे. तिकडं कुणी फिरकलं नाही. माणसं अध्यक्षांच्या ओसरीकडं यायला लागली. हौसराव खुलले, जाकीट सारखं केलं.

"या, बसा. आज जरा नेतृत्वाविषयी..."

"आबा, जरा पाय घ्या," भिमाजी म्हणाला आणि दारातून आत वाकला. "काकी, कवा?"

"शुक्रवारी. वरल्या अंगानं सुरू."

"बरं."

सभा आटोपली. मागं आणखी माणसं होती, म्हणून हौसरावांनी पाय घेतले.