मावशीकडून लिहून घेतलं

आई गेल्यावर काही वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न करायचं ठरवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन पेठेत नांदत होते, धाकटा भाऊ माहेरी, आणे गावी, वडिलांबरोबर शेती बघायचा. बाई घाटघरची, काडीमोड झालेली, मूलबाळ नाही. भावाला एकच धास्ती, उद्या ती जमिनीत वाटा मागेल. त्याची समजूत काढायची सोडून मीच म्हणाले, लग्नाआधी लिहून घेऊ.

जुन्नरच्या वकिलाने स्टॅम्पपेपर केला. जमीन, घर, कशावरही ती हक्क सांगणार नाही. मग आम्हा भावंडांना बाजूला घेऊन म्हणाला, "कोर्टात हे टिकायचं नाही. पण बाईला धाक राहील."

आम्हाला तेवढंच हवं होतं. वडील खाली मान घालून बसले होते.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हातारपणी मी ऱ्हायचं कुठं, ते लिवलंय का?"

"ते कशाला लिहायला हवं? आम्ही आहोत ना," मी म्हणाले.

तिने अंगठा दिला.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. भावाची पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं अंथरुणातलं सगळं तिनेच केलं, कपाळाला आठी न पाडता. ते गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले आणि ती कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. म्हणाली, शब्द दिलाय, आता इथं माझं काही नाही. भाऊ गप्प राहिला. कागद पोकळ आहे हे मला माहीत होतं, तरी मीही बोलले नाही. उलट तिची एसटी चुकू नये म्हणून जीपवाल्याला हाक मारली.

पुढच्या दिवाळीनंतर न राहवून घाटघरला गेले. मावशी तिच्या भावाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. वकील काय म्हणाला होता ते तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"कागद कच्चा आसंल," ती म्हणाली, "माझा शब्द पक्का व्हता. जमीन मला नकोच व्हती. पर तुमी कुणी थांब म्हणाला न्हाई."

मी म्हटलं, आता चल. भावजय आजारी आहे, तिला टाकून कशी येऊ, म्हणाली. जेवल्याशिवाय मात्र मला सोडलं नाही.

आणे गावी जाऊन माझ्या भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, तिलाच यायचं नाही ना, मग झालं. त्याच्याशी भांडायला मला तोंड नव्हतं.